मागं घेताना बघायचं तरी कुठं?

नाही, तुम्हीच सांगा मला, माणसाला डोळे किती? दोन! आणि ते असतात कुठं? पुढं! मग गाडी मागं घेताना माणसानं बघायचं तरी कुठं?

अहो, पुढं न्यायला मी पटकन शिकले! विद्यानगरात कॉलेज सुटायच्या वेळेला, त्या सगळ्या पोरांच्या गर्दीतनं गाडी काढली मी, कुणाला साधा धक्का नाही! पण लायसन्सवाल्यांना त्याचं कौतुक आहे का? नाही! त्यांना दोन खांबांच्या मधे गाडी मागनं घालून दाखवायची. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला मी, आणि मला डावं-उजवं विचारतात!

आता तुम्ही म्हणाल, या वयात ही हौस कशाला इंदुमतीबाई? हौस कसली डोंबलाची! आमचे हे, वेंकटेशराव, वकील. यांना निघाला काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी चालवणं बंद. तर हे म्हणतात, "मला लख्ख दिसतंय, त्या डॉक्टरलाच चष्मा लागलाय!" शेवटी किल्ली मी माझ्या पर्समध्ये टाकली आणि क्लासला नाव घातलं. आम्ही राहतो उणकलला, यांचं कोर्ट धारवाडला, लेक तिकडं बंगळूरला... यांना नेणार-आणणार कोण?

तर क्लासमधला आमचा मास्तर हणमंत. तो म्हणतो, "अक्कार, हिंद नोड्रि, हिंद!" ताई, मागं बघा. बघितलं मागं, तर मानेबरोबर माझा पायपण फिरतो! मग ओरडतो, "कन्नडी नोड्रि, कन्नडी!" कन्नडी म्हणजे आरसा हो. आणि आरसे काय एक आहेत? तीन! आणि मागच्या सीटवर बसून हे, "अगं, डावीकडं भरपूर जागा आहे! ट्रक जाईल!" क्लासला सोबत येऊ नका म्हटलं तर ऐकतील? छे! आता सांगा, मी बघायचं तरी कुठं?

आणि तो अमरगोळचा दिवस! मार्केट यार्डाला सुट्टी होती म्हणून हणमंतानं तिकडं नेलं. एका बाजूला कुणाची तरी मिरचीची पोती रचलेली. हणमंत खाली उतरून मागं उभा, "बर्ली, बर्ली..." म्हणजे येऊ द्या. आतनं हे, "ये, ये, ये... डावीकडं भरपूर जागा आहे!" म्हणून घेतली मी. तेवढ्यात हणमंत, "साक! साक!" पुरे, पुरे! अहो, पण पुरे ऐकू येईस्तोवर पोतं फुटलं होतं!

मग काय विचारता... हणमंत शिंकतोय, दोन हमाल शिंकतायत, सावलीतलं कुत्रं शिंकतंय, आणि यांचं चालूच, "मी सांगत... हाक्... होतो ना... हाक्छी! उजवीकडं घे म्हणून!"

"डावीकडं जागा आहे असं कोण म्हणालं?"

"मी? मी असं कधी म्हणालो? साक्षीदार आण!"

साक्षीदार शिंकत होता!

तर टेस्टचा दिवस. अधिकारी बाई होत्या, चेहरा असा की हसल्या तर दंड होईल. हे आपले मागच्या सीटवर जाऊन बसले. बाई म्हणाल्या, "सर, इळीरि." उतरा खाली. यांनी वकिली सुरू केली, बाईंनी नुसतं झाडाकडं बोट दाखवलं. गेले! आणि तुम्हाला सांगते, गाडीत अशी शांतता पसरली... कुणी ये म्हणेना, कुणी बर्ली म्हणेना. मला पहिल्यांदा आरशात खांब दिसला. सरळ, उभा, बिचारा खांब! एका झटक्यात आत घातली गाडी. बाई म्हणाल्या, "पास!"

मी पळतच गेले झाडाकडं. लांबनं हात केला, हे बघेनात. म्हटलं, रुसलेत. डाव्या बाजूला अगदी खेटून उभी राहिले, तरी बघेनात! "अहो, पास झाले!" म्हटलं तसे केवढ्यानं दचकले!

"तुम्हाला दिसले नाही मी?"

यांनी आधी झाडाला हात टेकला. मग म्हणाले, "डाव्या बाजूचं... बरंच गेलंय गं."

डाव्या बाजूचं! म्हणजे ते "डावीकडं भरपूर जागा आहे" हे कशाच्या आधारावर चाललं होतं?

"अंदाजानं," म्हणाले. "तू घाबरू नयेस म्हणून."

आता या माणसाला काय करायचं, सांगा! पदरानं डोळे पुसले तर विचारतात, "अजून मिरची झोंबतेय?"

झोंबतेय म्हटलं. चला, बसा गाडीत. पुढच्या सीटवर बसा.

घरी आलो. आमचं गेट अरुंद, गाडी मागनंच घालावी लागते. मी काही बोलायच्या आत हे उतरले, चाचपडत मागं जाऊन उभे राहिले, आणि हात हलवत सुरू, "ये... ये... ये... भरपूर जागा आहे!"

आत जा म्हणायचं होतं मला. अगदी ओठावर आलं होतं. नाही म्हणवलं.

रोज उभे राहतात तिथं. कोर्टात नेते, दवाखान्यात नेते, सगळं नीट चाललंय. फक्त गाडी आत घेताना आता मला भिंतही चुकवावी लागते... आणि नवराही!