दौलतबापूंचा अर्धा राहिलेला निवाडा

मंडळी, राम राम. बाजार बंद ठेवून तुमी सारे आले, बरं झालं. मले भाव करता येते, भाषन नाही. त्यात आज पाय एका जागी ठरत नाही. गोड मानून घ्या.

दौलतबापू गेले. आपल्या अमरावतीच्या कापूस बाजाराचा पंच गेला. समुद्रापलीकडं कुठं लढाई लागली अन् आपल्या कापसाले सोन्याचा भाव आला. मंग तंटेबी आले. वजन वाढवाले कोनी बोऱ्यात पानी शिंपडे, कोनी गोटे भरे. बापू ओरडत नसत. भांडनाऱ्या दोघाइले एका सतरंजीवर बसवत, मधात बोरा ठेवत अन् म्हनत, "तोंड बंद. हातानं सोडा." शिंपडलेला कापूस थराथरानं ओला निंगते. हात लावला का कळते.

माह्याच बोऱ्याचं घ्या. वलगावहून येताना पेढी नदीच्या पान्यात गाडी एका अंगावर कलंडली. माहा कापूस घेनारे किसनसेठ म्हनाले, पानी तूच मारलं, चोर हायेस तू. बापूनं आमाले बसवलं. अर्धा बोरा सोडला. एकाच अंगानं ओला होता, मंडळी, एकाच अंगानं! बापू थकले होते. म्हनाले, "उरलेला उद्या पाहू." पहाटेच त्याइच्या छातीत कळ आली.

आता कापूस वाळला. आता कोन सांगन? बापू, काहून उद्यावर टाकलं? राग येते मले तुमचा. रडू येते अन् रागबी येते.

अकोल्याच्या वकिलानं अर्ज तयार ठेवला हाय. भला मानूस हाय, म्हनते आपन जितू. अकोल्याले जावाले घरी बैल जुपून उभे हायेत. पन मी बापूले विचारलं होतं, अदालतीत गेलो तं? ते म्हनाले, "जा ना. जितशीनबी. मंग किसन दुसऱ्याच्या गाडीजवळ थांबन, अन् तू दुरून पाहत राहशीन." तवापासून मले ना जाववते, ना राहावते.

किसनसेठ, तुमी समोरच बसले हा. मले पैसा नाही पायजे. चोर म्हनलं, थो शब्द वापस घ्या. त्या दिवशी तुमच्याबी बोटाइले कळलं होतं ना? मंग बोला, अदालत का सतरंजी?

थांबा. आताच नका बोलू. मंडळी, आधी बापूसाठी उभे राहा. मले भर बाजारात चोर म्हनलं, तवा तुमी सारे गप होते. एकटे बापू बोलले होते. तसेच गप राहा आता, त्याइच्यासाठी.