गौरीचं उजवं पाऊल

मंडळी, ऐका! अभंग मागाहून, आधी एक प्रश्न. दुखतं ते दुखणं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण जे दुखायचंच थांबलं, त्याला काय म्हणायचं? बरं झालं म्हणायचं? थांबा, माना डोलवू नका इतक्यात!

वडजाईच्या वाडीत भार्गवतात्या नावाचे गृहस्थ होते. पिठाची गिरणी, माणूस देवभोळा, आणि अंगात साखरेचा जुना आजार. दर महिन्याला तालुक्याच्या दवाखान्यात रक्त द्यायचं, गोळ्या आणायच्या. आता तात्या पडले हुशार! तपासणीआधी चार दिवस गोड बंद, गोळ्या वेळेवर. साखर कागदावर शहाण्यासारखी यायची. डॉक्टर म्हणायचे, छान. तात्या घरी आले की लाडवाचा डबा उघडायचा. काय हसता? शाळा तपासायला साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी भिंती रंगवायच्या, त्यातलाच प्रकार. बरं, फसवलं कुणाला?

तात्यांच्या पायांची पूर्वी आग व्हायची, टाचा ठणकायच्या. हळूहळू ते थांबलं. पाय कापसावर पडल्यासारखे वाटू लागले. तात्या खूश! वडजाईनं दुखणं नेलं म्हणून नारळ फोडला. दवाखान्यात मात्र सांगितलं नाही. का? तर डॉक्टरांनी विचारलं नाही, आणि मागे रांग मोठी होती. एका सिस्टरनं गोळ्या देताना बजावलं होतं, "तात्या, या आजारात पाय मुका होतो. रोज आरसा धरून तळवे बघत जा." तात्यांनी हसण्यावारी नेलं. तळव्याला काय पावडर लावायचीय, म्हणाले.

भाद्रपद आला, आणि घरात वास सुटला. उंदीर मेलाय, असं म्हणून शेवंताकाकूंनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीनं, पोती हलवली, ट्रंका ओढल्या, ऊद जाळला. उंदीर काही सापडेना. आणि नवल बघा — तात्या गिरणीत गेले की वास जायचा. तात्या जेवायला आले की पुन्हा यायचा!

गौरी यायचा दिवस उजाडला. लेक कुमुद माहेरी आलेली. तिनं दारापासून मखरापर्यंत कुंकवाची पावलं काढली, जोडीजोडीनं, नाजूक. तात्या चप्पल काढून, सोवळं नेसून घरभर वावरत होते. दिवेलागणीला कुमुद माजघरात गेली ती जागीच थबकली. फरशीवर पावलं होती. तिनं न काढलेली. लाल, ओली, आणि सगळीच्या सगळी उजवी!

काकूंनी तिथंच लोटांगण घातलं. गौर खरीच आली म्हणाल्या! बातमी आळीभर झाली, बायका ओट्या घेऊन आल्या. एकीनं तर त्या ओल्या पावलाला बोट लावून कपाळाला टिळा लावला.

तात्यांचा ऊर भरून आला. हात जोडून ते त्या पावलांच्या मागानं निघाले. कोठीच्या खोलीपाशी माग संपला. तात्या मागे वळले. मघाशी मोकळी होती त्या फरशीवर एक नवं पाऊल! ते थोडे सरकले. आणखी एक उमटलं. कुणीतरी त्यांच्या पाठोपाठ चालत होतं — एका पायानं. आणि वास आला. तोच.

"कोण आहे?" तात्यांनी विचारलं. खाली बघितलं, तर कडेच्या पावलाला मुंग्यांची रांग लागलेली.

कुंकवाला मुंग्या लागत नाहीत, मंडळी.

तात्या मटकन पोत्यावर बसले. सिस्टरचे शब्द आठवले. कुमुदला हाक मारून गौरीच्या शृंगारातला आरसा आणवला, तळव्याखाली धरला. अंगठ्याच्या बुडाशी भोक. कडा काळ्या. तात्यांनी त्यात बोट घातलं, आणि काहीही कळलं नाही! कुमुदनं दारातली चप्पल उलटी केली. अंगठ्याच्या बुडाशी येईल असा एक खिळा वर आलेला. कित्येक दिवस तो रोज रुतत होता, आणि पाय मुका होता.

काकू म्हणत होत्या, उद्याचा नैवेद्य होऊ दे, मग जाऊ. कुमुद म्हणाली, "आई, घरची गौर मी आहे. मी सांगते, आत्ता निघायचं."

या खेपेला तात्यांनी दवाखान्यात काही झाकलं नाही. चुकवलेल्या गोळ्या, लाडू, बधिर पाय, सगळं विचारायच्या आधी सांगितलं. अंगठा गेला. पाऊल वाचलं. आता दाढीच्या आधी तोच आरसा तळव्याला धरतात, आणि डॉक्टरांपुढं बसले की स्वतःच चप्पल काढून पाय पुढं करतात. मागे रांग असली तरी!

देवाच्या पायांवर डोकं ठेवायला आपण सगळे पुढं, हो ना? पण तुमच्या पायांकडे बघायला कोण येणार? पांडुरंग विटेवरनं उतरून आरसा धरणार आहे का?

शेवटचं सांगतो आणि थांबतो. मघाशी देवळात येताना पायरीवर मला एक पाऊल दिसलं. लाल. उजवं. कुंकू असेल, पानाची पिंक असेल, मी नाही म्हणत नाही. पण ते आत येणारं होतं. बाहेर गेलेलं मला दिसलं नाही.

बुक्का लावायला नंतर या. आधी बसल्या जागी, ज्यानं त्यानं आपापला तळवा बघा.