धरलेली जागा

चहा थंड झाला तरी चालेल, आधी हे ऐका. दिल्लीत ट्रान्झिस्टरमध्ये लपवलेले बॉम्ब फुटले, त्यानंतरची गोष्ट. मी नाशिकहून एसटीने येवल्याला निघालो होतो. गाडी खच्चून भरली होती, पण एका सीटवर नुसतीच पिशवी होती आणि तिच्या शेजारी एक म्हातारी उभी होती.

"आजी, बसा ना."

"नाय बाबा, कुणीतरी जागा धरलीय."

"ही पिशवी कोणाची?" मी ओरडलो. मागून एक मास्तर म्हणाले, "येईल हो तो! तुम्हाला कशाला पंचाईत?"

माझं डोकं सणकलं. "अहो, नाशिकचा द्वारका चौकही मागे पडला! आता कुठून येणार तो?"

कंडक्टरचा चेहरा उतरला. त्याने गाडी थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं. उशीर होतोय म्हणून लोक मलाच शिव्या घालत होते. जवळच्या चौकीतला हवालदार आला, दारातून आत डोकावला आणि तसाच मागे वळला.

उतरताना प्रत्येकाने आपापली पिशवी ठेवून जागा धरली होती.

"साहेब," हवालदार मला म्हणाला, "आता यातली बेवारशी कोणती?"