बोकड आणि आंधळा कोंबडा

— म्हणून म्हणते, आधी ती शवपेट्यांची रंगीत चित्रं पिशवीत घाल, इंदाय, माझ्या पोरी, आणि खुर्ची माझ्या उजव्या हाताला घे. डावा डोळा आता नावालाच उरलाय. तिकडे बसलीस तर मला वाटेल शेजारणीची बकरी आत शिरली. ऐकणार आहे मी तुझी योजना. ऐकणार म्हटलं ना? पेटी, फुलं, गाडी, आणि ते काय म्हणालीस — परदेशातल्या नातेवाइकांना फोनवर मयत बघायची सोय. सगळं ऐकते. पण शुक्रवारी दुपारी या घरात साक्षात बिशप आले तरी त्यांना खुर्चीवर बसून थांबावं लागतं, तू तर अंत्यविधीचे हप्ते विकणारी पोरगी. स्पर्धा चालू आहे माझी, या फोनवर. पोकर. — जुगार? जुगार कसला, फुकट आहे हे. नाव नोंदवायचं, दमडी द्यायची नाही, बसायचं. तोंड वाकडं करू नकोस, शिकवते तुला. कधी कुणाच्या उपयोगी पडेल सांगता येत नाही.

हे बघ, मी शाळेत गेले तिसरीपर्यंत, इंग्रजी शिकले ती पत्त्यांच्या पाकिटावर वाचून. मला कळलं तर तुला कळेल, तू कॉलेजातली दिसतेस, बूट चावतोय तरी काढत नाहीस. काढ. तर — सुरू होतं तेव्हा शेकडो माणसं असतात, कोण कुठला कुणाला ठाऊक. सगळ्यांना सारख्या चिपा. सारख्या म्हणजे सारख्या. मेयरच्या पोराला जेवढ्या तेवढ्याच या पुरिफिकासिओनला, म्हणजे मला. जगात दुसरीकडे कुठे मिळतं असं? त्या चिपांचे पैसे होत नाहीत, आणि मध्येच उठून त्या घेऊन घरी जाता येत नाही. पैशांची साधी बैठक असते तिथे जाता येतं, स्पर्धेत नाही. इथे काम एकच, बसून राहायचं. चिपा संपल्या की तू गेलीस. पुन्हा बोलावत नाहीत. शेवटच्या मूठभरांना मोठ्या स्पर्धेचं तिकीट मिळतं. मला मिळालंय दोनदा, वापरलं नाही. का नाही ते — थांब, माझी पाळी आली.

हे दोन पत्ते माझे, मलाच दिसतात. आता तुलाही, पण तू कुणाला सांगतेस. मग मधे पाच पडतात, ते सगळ्यांच्या मालकीचे — आधी तीन, मग एक, मग एक. आपले दोन आणि मधले पाच, या सातांतून चांगले पाच जुळवायचे. एक्क्यांची जोडी हातात आली तर देवाचं नाव घे आणि वाढव, त्याहून चांगलं काही येत नाही. आणि काही आलं नाही तर पॅक कर, पत्ते टाकून दे. नवशिक्याला एवढंच सांगते मी, पॅक कर. ही बघ माझी चौकटची सत्ती, ही किलवरची दुर्री — पॅक. लाज वाटत नाही त्यात. नव्या माणसाला वाटतं प्रत्येक पत्ता खास आपल्यासाठी आलाय. तरुणपणी मला माणसांबद्दल तसं वाटायचं.

बरोबर, चांगलं विचारलंस — सगळेच पॅक करत बसले तर? त्यावर यंत्राकडे औषध आहे. दर डावाला दोघांना पत्ते न बघता चिपा टाकाव्याच लागतात, आंधळ्या. पाळीपाळीने सगळ्यांना. आणि ती आंधळी रक्कम वाढत जाते. सुरुवातीला मुंगी चावल्यासारखी, नंतर नंतर कुत्रं चावल्यासारखी. त्यामुळे नुसतं गप्प बसूनही माणूस संपतो. ही खालची बघ, 'प्रिन्सेस' — बाई की बाप्या देव जाणे — नाव करडं झालंय तिचं. म्हणजे उठून गेली. लाइट गेले असतील, भात करपला असेल. पण खुर्ची तशीच राहते, पत्ते वाटले जातात, आणि चिपा आपोआप उचलल्या जातात, चिमूट चिमूट, एक दिवस — आपलं, थोड्या वेळाने — शून्य. कुणी मारलं नाही, कुणी बघितलंही नाही. मला ते बघवत नाही. असं कुणी टेबलावर असलं की मी त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून खेळते.

मी? मी हा चित्रातला बोकड. नाव 'मेजर'. बाईचं नाव लावलं की लग्नाचं विचारतात, म्हातारीचं लावलं की दया करतात. बोकडाशी लोक सरळ वागतात.

पत्ते मी मयतांच्या जागरणात शिकले. तुम्ही आता तीन दिवसांत आटोपता, गार हवेच्या खोलीत, भिंतीवर मोठा टीव्ही. आमच्या वेळी पेटी घरात असायची, लांबची माणसं पोचेपर्यंत. मेलेल्याला एकटं ठेवायचं नाही म्हणून कुणीतरी जागं राहायचं, जागं राहायचं म्हणून पत्ते, आणि प्रत्येक डावातला थोडा वाटा घरच्यांचा, तोंग. त्या तोंगातून कॉफी, बिस्किटं, मेणबत्त्या, अर्धी पेटीसुद्धा. ते गोळा करायला मला बोलवायचे. धक्क्यापासून पार वरच्या आंब्याच्या बागांपर्यंत. पुरा बसली म्हणजे डाव सरळ चालणार. एकाने बाहीत गुलाम लपवला तर मी बाही फाडली त्याची, आणि तो पोलीस होता. नवऱ्याला, माझ्या फर्मिनला, मी जन्मात एक डाव सोडला नाही. तो म्हणायचा, पुरा, स्वर्गाच्या दारातही तू मला पॅक करायला लावशील, मी बाहेरच राहीन आणि तू आत जाऊन तोंग मागशील.

— काय झालं? हो, दिसले मला. इस्पिकचा एक्का आणि बदामाचा एक्का. हो, मीच सांगितलं, त्याहून चांगलं काही येत नाही. मग टाकले. माझे एक्के, माझी मर्जी. नाही, बोट चुकून लागलं नाही. याने चिपा पुढे सारल्या होत्या ना, या निळ्या टोपीवाल्याने, 'आंधळा कोंबडा'. त्याच्याकडे फारशा उरलेल्या नाहीत. मी धरलं असतं तर — काही नाही. नाही धरलं. बघ, काय लिहितोय खाली: 'बोकडा, पुन्हा पळालास? गवत संपलं का?' हसतेस काय. थांब, मी लिहिते: 'कोंबड्या, तुझ्या मापाचं पातेलं आहे माझ्याकडे.' बघ. हसला. तीन हसरे चेहरे. बाप असाच हसायचा त्याचा, तीनदा, आणि मग ठसका —

बापाचं बोलले का मी आत्ता.

बरं. माझा मुलगा आहे तो. डेलमार. बहरीनला असतो, हॉटेलातल्या चादरी-पडद्यांचं सगळं त्याच्याकडे. शुक्रवारी सुट्टी त्यांना, तिकडे आत्ता सकाळ आहे. बहिणीच्या नातीने मला सांगितलं की मामा शुक्रवारी ही फुकटची स्पर्धा खेळतात, कोंबड्याचं नाव लावून. ते नाव फर्मिनने ठेवलेलं. लहानपणी पत्ते उलटे धरायचा, सगळ्या टेबलाला दिसायचे, तरी पैज लावायचा. तेव्हापासून मी शुक्रवारी बसते. यंत्र कुणाला कुठे बसवेल त्याचा नेम नाही. तो कुठेतरी, मी कुठेतरी. पण बाजूला नावांची यादी असते, त्यात दिसतो. अजून आहे. अजून आहे. गेला. तो गेला की मीही उठते. दोनदा तो फार वेळ टिकला म्हणून मीही टिकले, म्हणून ती तिकिटं. मोठी स्पर्धा रविवारी असते, रविवारी तो कामावर असतो, मी जाऊन काय करू? आज पहिल्यांदा एका टेबलावर आलोय. इतक्या वर्षांत माझ्या पोराने माझ्याशी काढलेला पहिला शब्द, इंदाय, आणि तो 'बोकडा'.

का बोलत नाही ते विचारू नकोस. — नाही विचारलंस? मग सांगते. फर्मिन गेला तेव्हा पेटी इथेच होती, तुझी खुर्ची आहे तिथे. धाकटी लेक जहाजावर नोकरीला, तिची वाट बघता बघता दफन पुढे गेलं, आणि डेलमारची रजा आधी संपली. बाप पेटीत आणि पोराला विमान धरायचं. बाहेर रिक्षा उभी. तो बॅग घेऊन दारात थांबला. मी तिथे, टेबलाशी, डब्यात तोंग टाकत होते. मी उठले नाही. आता तू सांग, तू या धंद्यातली — मयताच्या घरातून कुणी निघालं तर घरच्यांनी दारापर्यंत पोचवायला जायचं असतं? नसतं. झाडायचं नाही, पेटीच्या काचेवर आसू पाडायचे नाहीत, निघालेल्याला पोचवायचं नाही. पोचवायला गेलं की मरण त्याच्या मागोमाग बाहेर पडतं. माझी आई गेली नाही, तिची आई गेली नाही. मी मान वर केली नाही, केली असती तर पाय उठले असते. आणि तो कशात बसणार होता? विमानात. त्याच्यामागे मरण लावून देऊ मी? तर धाकटीला म्हणाला, आईला बाबांपेक्षा डाव मोठा, माझ्यापेक्षाही मोठा. रीत त्याला ठाऊक नव्हती असं नाही. पण परमुलुखात राहून माणूस रीत विसरतो आणि अपमान लक्षात ठेवतो. मी काही चुकले नाही. आज तसंच घडलं तर तसंच करीन. — रडत नाहीये, तो डावा डोळा आहे, तो आपला आपण गळतो.

थांब, हे काय आलं वर? वाच, बारीक अक्षर आहे. — 'हे टेबल लवकरच मोडणार.' हं. सांगायचं राहिलं तुला. माणसं गळत जातात तशी टेबलं मोडतात, उरलेल्यांना उचलून दुसरीकडे बसवतात, जिथे खुर्ची रिकामी असेल तिथे. कुणाची ताटातूट झाली ते यंत्राला काय. पुन्हा एकत्र बसू तेव्हा बसू. मला किती शुक्रवार उरलेत ते तुझ्या कंपनीला ठाऊक, हप्ता तुम्ही त्यावरूनच ठरवता.

— सारलं. बघ, सगळं पुढे सारलं त्याने. उरलंच काय होतं. हा पॅक. ही पॅक. प्रिन्सेस आपोआप पॅक. माझ्यावर आलं. माझ्याकडे दहांची जोडी. हा हिरवा पट्टा दिसतो ना, तो संपायच्या आत ठरवायचं, नाहीतर यंत्र माझ्या वतीने पॅक करतं.

सोडू म्हणतेस? सोडते. सोडला तर चार डाव जगेल, दुसऱ्या टेबलावर, परक्यांत, चिमूट चिमूट. नाव करडं होईल. आणि धरला तर — समोरच्याने सगळं पुढे सारलं आणि आपण धरलं, तर यंत्र दोघांचेही पत्ते उलटे करून दाखवतं. लपवता येत नाहीत. आम्ही मायलेक उघड्या पत्त्यांनी कधी बसलोच नाही. फर्मिन म्हणायचा, पोराला कधीतरी डाव सोडत जा. सोडलेला डाव पोराला कळतो, फर्मिन. दुपारभर सोडतेय ते त्याला कळलंय, म्हणून तर गवताचं विचारतोय —

धरला.

राजा आणि गुलाम त्याच्याकडे. वाईट नाही, कोंबड्या, नीट धरायला शिकलास. हे पडले तीन: तिर्री, नव्वी, दुर्री. आता चौथा. राणी. राजा ये आता. ये, राजा ये, मी हरते, ये —

सत्ती.

बोलू नकोस, लिहू दे मला. 'हालोंग, तोतो.' बस. जपून जा, बाळा. दारात म्हणतात तेवढंच. बोकड कशाला कुणाला तोतो म्हणेल? पण गेलं, बोट उठलं. त्याने वाचलंच नसेल. त्याची खुर्ची बघ, कशी स्वच्छ रिकामी. हरलेला माणूस थांबत नाही इथे, चटकन बाहेर पडतो, चहा ठेवतो, पांघरुणाच्या घड्या करतो. थांबून करायचं काय, परक्यांचे डाव बघायचे?

वरचा आकडा वाच जरा. तिथे नाही, त्या डोळ्याच्या चित्राशेजारी. शून्य असेल. मघापासून शून्यच आहे. — एक? नीट बघ. चष्मा दे माझा.

एक.

ते खेळणाऱ्यांचं नाही, इंदाय. नुसतं उभं राहून बघणाऱ्यांचं आहे.

हो, आली माझी पाळी, येऊ दे. पट्टा संपू दे, पॅक होऊ दे. काही लिहीत नाहीये तो. मीही नाही लिहीत. टेबल अजून मोडलेलं नाही.

तू नीघ. कागद तिथे ठेव, उद्या-परवा बघीन. ती फोनवर मयत बघायची सोय तेवढी खोड त्यातून. आणि मी दारापर्यंत येत नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. रीतबीत काही नाही, या घरात आता कुणी मेलेलं नाही. मला उठता येत नाहीये. दार नुसतं लोट. कडी नको घालूस.