फ्लॅटचे दोष

एजंट नको, असं मीच म्हणालो होतो, त्यामुळे खापर दुसऱ्या कुणावर फोडता येत नाही. धायरीचा फ्लॅट विकून आम्हाला मुलीकडे बंगळुरूला जायचं होतं आणि शेजारच्या देशमुखांचा जावई घ्यायला तयार होता. आयटीतला, शांत मुलगा. तो घर बघायला आला आणि मला राहवेना.

"बाथरूमची भिंत पावसाळ्यात ओल धरते," मी म्हणालो. "वरचे लोक पहाटे खलबत्त्यात मसाला कुटतात. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो."

"विचार करून कळवतो, काका," म्हणत तो निघून गेला.

बायको म्हणाली, "अहो, नावं ठेवायची तर दुसऱ्याच्या घराला ठेवावीत."

चार दिवस फोन वाजला की मी बायकोच्या आधी धावत जाऊन उचलायचो. हा प्रामाणिकपणा की पुढे देशमुखांचे बोल ऐकावे लागतील हा नुसता भित्रेपणा, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

पाचव्या दिवशी तो पेढे घेऊन आला. "काका, चार फ्लॅट पाहिले. सगळीकडे म्हणाले, काहीच त्रास नाही. तुमच्याकडचे त्रास निदान माहीत तरी आहेत."

"पण एक सांगायचं राहिलंच," मी म्हणालो.

बायकोने माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि त्याला म्हणाली, "ते सह्या झाल्यावर सांगतील."