रिकाम्या नळीतली चरबी

नाही नाही, खालचा खण नाही उघडायचा — गारवा कमी पडतोय तो वरच्यात. खालच्यात माझा माल आहे. माल म्हणजे — हसू नका — कालवांचे शुक्राणू. तुम्ही पडला फ्रीजर दुरुस्त करणारे, तुम्हाला काय त्याचं? पण म्हणूनच सांगतो, नाहीतर या खोलीत मी भिंतीलाही काही सांगत नाही. तर बघा, शुक्राणूला बाहेरून एक पातळ पटल असतं, निम्मंअधिक चरबीचंच. समुद्राचं पाणी कितीही गार असो, ते थिजत नाही, मऊच राहतं. का? कुठल्या चरबीमुळे? हेच माझं काम. शुक्राणू काचेच्या नळीत घ्यायचे, वर क्लोरोफॉर्म, झाकण घट्ट लावून हलवायचं — सगळी चरबी त्यात उतरते — आणि मशीनला लावायचं, कुठली चरबी किती ते पडद्यावर येतं. माझा कुणावर भरवसा नाही, म्हणून या खेपेला नळ्यासुद्धा मी स्वतः आणल्या, बाजारात हिंडून, आणि कुलपात ठेवल्या. नळ्यांचा पायगुण बघा — आल्या आणि सापडली! आजवर कुणालाच न दिसलेली चरबी! कालवात तीच, स्टारफिशमध्ये तीच, माकुळात तीच — आणि सगळीकडे अगदी तेवढीच! आहे की नाही चमत्कार?

मग काय, चोर येणारच. कोण निघाली चोर? माझी भाची. सख्ख्या बहिणीची मुलगी, माझ्याच हाताखाली पीएचडी करत होती. नळ्या बघून पहिल्याच दिवशी विचारते कशी, "मामा, या झाकणांना आतून टेफ्लॉनची पांढरी चकती नाहीये, नुसतं रबर आहे. चालेल का?" तुला गं कशाला नसत्या चौकशा? तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं — आणि पकडलीच! मशीनला त्यातलीच एक रिकामी नळी लावून बसली होती. रिकामी! नुसता क्लोरोफॉर्म! म्हणे, खात्री करून घेतेय. आणि पडद्यावर काय यावं? माझीच चरबी! आता रिकाम्या नळीत ती कुठून येणार, माझ्या मालातून उचलल्याशिवाय? मी ठोकली तक्रार. उद्या समिती बसतेय, तिची पीएचडी गेल्यात जमा. बहीण येऊन दारात रडली — मी कडी काढली नाही. का काढावी? चोरीला काय नातं असतं?

काय? ते होय — ठेवा ते खाली. नळीचं झाकण आहे. हो, चिकट लागणारच, क्लोरोफॉर्म कशाला सोडतो का, रबरातलं तेलसुद्धा ओढून घेतो तो, आणि मग ते नळीत —

नळीत...

रिकामी होती. पण झाकण... झाकण होतं तिला.

ओ, तुम्हाला ते झाकण उचलायला सांगितलं कुणी? फ्रीजर सोडून हात तिकडे गेलाच कसा? तिनंच पाठवलंय ना तुम्हाला? तिनंच! राहू दे तो फ्रीजर. निघा. निघा म्हणतो ना!