कोरडी मशीन

...अन् बटन नोको दाबू आताच, स्वीटी — हात काढ तिथून. आधी खाली वाकून पाह्य. चार पाय आहेत मशीनले, त्यातला हा मागचा अधर राह्यते, म्हनून टाइलचा तुकडा लावला मी. थो सरकला का पानी सारं एकाच अंगाले जमा होते. नागपूरच्या लोकायचं हे गोल्फचं मैदान झालं तवापासून आहो मी इथं, पन चेंडू धुवाले मशीन असते हे कोनाले मालूम होतं? थे इतवारी येतात, काठीनं हानतात, चेंडू जाते त्या बाभळीपावतर — मंग आपन टोपलं घेऊन येचत फिराचं. पह्यले मी अन् तुही माय घमेल्यात घेऊन हातानं धुवत होतो, चार वर्सं. मोहिनीचा हात माह्याहून चलाख, खोटं काऊन बोलू? मंग मशीन आली, पह्यल्याच दिवसी मोहिनीच्या हातून मोटर जळाली, मालकानं तिले काढलं. दोन वर्सं झाले. अन् आज तिच्याच पोट्टीले माह्या जागेवर ठेवून राह्यला — एकच बाई पुरते म्हने, अन् ती बारावी झालेली पाह्यजे. उद्यापासून मी घरी. मले काई म्हनाचं नाई, तू शिकून घे.

चेंडू आनले का सिद्धे मशीनीत नाई टाकाचे, ह्या टबात भिजू द्याचे. आपली काळी माती — चेंडूच्या एकाएका खळगीत जाऊन बसते, सुकली का सिमिट. भिजले का ह्या वरच्या तोंडातून सोडाचे, ओंजळ ओंजळ. आत दोन ब्रश फिरतात, त्यायच्या मधातून घासत घासत चेंडू इकडून बाहेर. साबन एक झाकन. एकच! मी कपड्याच्या अंदाजानं टाकला होता, तं फेस मालकाच्या गाडीपावतर गेलता — हास, हास, मालकबी हासला होता त्या दिवसी.

पन पानी — पान्याचं ध्यानात ठेवजो. ह्या लाल रेघेवरी भरल्याबिगर बटन नाई. कोरडी फिरवली का आधी काई समजत नाई, चांगली गुनगुनते — मंग आवाज जाड होते, झाकनावर हात ठेवला का गरम लागते, अन् वास येते, चुलीत कंगवा पडल्यावानी. तवा बंद करून काई फायदा नाई. ब्रशचे केस आतल्या आत चिकटून जातात, वरून दिसत नाई. मंग दुसरं कोनी येते, पानी भरून चालू करते, अन् खट् — अडकली. गेली मोटर.

काय? — हो, तुह्या मायच्या हातानंच ना. सारं गाव जानते. पानी भराचं इसरली असन — कोन म्हनते भरलं होतं? माय म्हनते? असन बापा, मी कुठं होती तवा, मी तिकडे बाभळीखाली — वास? वास तं आलताच ना सगळ्यायले. झाकन गरम होतं हे मले कसं — अवो, मशीन म्हटलं का गरम होतेच —

अशी नोको पाहू माह्याकडे.

सिंदीच्या जिनिंगमंदी अकरा वर्सं काढले मी. तिथं सकाळी कापूस टाकाच्या आधी मशीन रिकामी फिरवाची अन् कान द्याचा. आवाज साफ तं दिवस साफ. मले तेवढंच मालूम. नीलेश म्हनून कंपनीचा मानूस आलता, संध्याकाळी मशीन लावली, इंग्रजीतला कागद देला, गेला. दुसऱ्या दिवसी मी सगळ्यायच्या आधी आली — हौस होती ना! — अन् फिरवली रिकामी. कान लावून उभी राह्यली. वास आला तशी बंद केली, झाकन पुसलं, टोपलं घेऊन मैदानात निंघून गेली. मंग तुही माय आली. तिनं रेघेवरी पानी भरलं, एक झाकन साबन टाकला, सारं बराबर केलं पोरी, सारं बराबर — अन् बटन दाबलं. मी लांबून पाह्यत होती. मालक तिच्यावर बोंबलून राह्यला होता अन् मी पदरात चेंडू धरून उभी. एक शब्द बोलाचा होता. मले वाटलं दोन दिवस राग राहीन, मंग बोलावतीन तिले. मशीन दुरुस्त होऊन आली. ती नाई आली.

काय म्हनतं? — पंख्याचं? पंख्याचं बटनबी दाबत नाई तुही माय? दोन वर्सापासून? तू घरी येईपावतर अंधारात बसून राह्यते — लाइट नाई लावत? माह्या हाताले मशीन सोसत नाई म्हनते... देवाशप्पथ, हे नोतं मले मालूम. मले वाटलं, निंदाले जाते, खाते, पिते, इसरली असन.

कोनाले फोन लावून राह्यली? नाई — स्वीटी, नोको ना, संध्याकाळी मी सोता येते घरी, पाया पडते तिच्या, फोनवर कसं — नोको देऊ माह्या हातात —

हॅलो. मोहिनी? हो, मीच, भागीरथा... चांगली आहो... नाई वो, काई नाई झालं, पोट्टी बरी आहे तुही, इथंच उभी आहे... हो, मीच लावाले सांगतला. तुले सांगाचं होतं का — थ्या दिवसी — थे मशीनीचं... नाई नाई, भेऊ नोको! तिले नाई लावू देत हात. बटन मीच दाबते... हो, उद्याबी मीच. तू नोको काळजी करू... हुशार आहे तुही पोट्टी, हेच सांगाचं होतं... हो. ठेवते.

घे तुहा फोन.

काय पाह्यतं? नाई जमलं मले. जा, चेंडू येचून आन — जा म्हनते ना.